लाल अक्षरांतलं ‘मिक्स’

आमच्या रंगाच्या दुकानात ‘मिक्स’ हा शब्द लाल रंगानेच लिहायचा, असा बाबांचा नियम. बाकी सगळं काळ्या पेनाने. डबा तयार झाला की झाकणावर बोटाने त्याच रंगाचा एक फराटा ओढायचा, शेजारी चिठ्ठी चिकटवायची आणि आत काय काय गेलंय ते लिहायचं. पिवळा तीन थेंब, काळा एक, तांबडा अर्धा. अर्धा थेंब कसा टाकतात ते मला अजून जमलेलं नाही. पण दोन उरलेल्या डब्यांचा मिळून एक केला असेल, तर थेंबबिंब काही नाही. झाकणावर ब्रशने लाल, ठसठशीत, आंधळ्यालाही दिसेल असं: मिक्स. असले डबे दाराजवळच्या खालच्या फळीवर. माळ्याला, कुंपणाला, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याला लावायला लोक ते खुशीने नेत.

तसा हा शब्द सगळेच वापरतात, आणि कसाही वापरतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘जरा छानसं मिक्स करून द्या हो.’ म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नसतं. पेंटर लोक तर पाण्यात चुना मिक्स, कामात सुट्टी मिक्स आणि बोलण्यात थापा मिक्स करतात. बाबांच्या तोंडी मात्र त्याचा एकच अर्थ होता. या डब्यात एकापेक्षा जास्त गोष्टी आहेत, आणि ते तुम्हाला सांगितलेलं आहे. सांगितलं नसेल, तर त्याला ते दुसरा शब्द वापरत. तो पुढे येईलच.

बाबांना सगळे थेंबकाका म्हणतात. भिंतीचा नखाएवढा पापुद्रा आणून दिला की ते तो उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि नेमका तोच रंग बनवून द्यायचे. वीस वर्षं उन्हात विटलेली भिंत असो की स्वयंपाकघरात धुरकटलेली. नवा हात कुठे संपला आणि जुना कुठे सुरू झाला, ते घरमालकालाही सांगता यायचं नाही. मी त्यांची धाकटी. दादा लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, मी दुकानात राहिले. माझं लग्न जमलं नाही, की मी जमू दिलं नाही, यावर नातेवाइकांत अजून मतभेद आहेत. माझा स्वभाव तापट आहे, हे मात्र सगळ्यांना एकमुखाने मान्य आहे. मलाही आहे. मला थांबायला आवडत नाही. रंग वाळायलाही मी मनातल्या मनात शिव्या घालते.

बावीस वर्षांची असताना मी एक उद्योग केला होता. बाबा बाहेर गेलेले, गिऱ्हाईक घाईत, आणि हवा तो रंग एका डब्यात अर्धा, दुसऱ्यात अर्धा. दोन्ही एकसारखेच दिसत होते. मी एकात दुसरा ओतला, काठीने ढवळला, झाकण ठोकलं आणि दिला. लाल अक्षरं लिहिली नाहीत. लिहिली असती तर त्याने नेला नसता, आणि कोण वाद घालत बसणार! आठवड्याने तो माणूस दुकानात येऊन उभा राहिला. भिंत सकाळी ठीक दिसायची, संध्याकाळचं ऊन पडलं की मधोमध ढगासारखा डाग उठायचा. बाबांनी झाकण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, “चूक माझी.” सुट्टीच्या दिवशी ते आमच्याकडूनच रंग नेणाऱ्या लंबू पेंटरला घेऊन गेले आणि ती अख्खी खोली स्वतःच्या हाताने पुन्हा रंगवून आले. 

घरी आल्यावर हात धुता धुता मला एवढंच म्हणाले, “मिक्स करायला माझी ना नाही, पोरी. पण सांगून करायचं. न सांगता केलं की ती भेसळ.”

पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हाही वाटलं होतं.

आता बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दुकानात मी मशीन आणलं. बटण दाबलं की ते हवा तेवढा रंग डब्यात सोडतं. बाबांनी मशीनला नावं ठेवली नाहीत, कौतुकही केलं नाही. अकराच्या सुमारास यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, आणि मशीनला न जमणारे जुने पापुद्रे तेवढे हातात घ्यायचे. आठवड्याला दोन-तीन तरी यायचेच. मग माणूस दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा दिसायचा.

मागच्या वर्षी त्यांना दुकानातच चक्कर आली. रक्तदाब चांगलाच वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी लिहून दिली, दुपारी चारची. पहिले पंधरा दिवस त्यांनी घेतली. मग एके दिवशी ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. एक नाही, सहा.

“बाबा, हे काय?”

“राहिल्या घ्यायच्या.”

“सहा दिवस राहिल्या?”

“मला बरं वाटतंय. नको त्या गोळ्या.”

मी आवाज चढवला. त्यांनी तोंड मिटलं. आमच्या घरात भांडण असंच होतं, एकजण ओरडतो आणि दुसरा भिंत होतो. दादाला फोन केला, तर तो तिकडून म्हणाला, “काहीही कर, पण गोळी पोटात गेली पाहिजे.” लांबून सल्ला द्यायला काय जातं! डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, “ही गोळी कुटून दुधात मिक्स केली तरी चालेल. पण त्यांना सांगून द्या. आणि का घेत नाहीत, ते एकदा विचारा.”

मी त्यातलं पहिलं वाक्य घेऊन घरी आले.

दुकान दुपारी दीड ते पाच बंद असतं. चार वाजता मी बाबांना पेलाभर गरम दूध द्यायचे, ते आधीपासूनच. आता ओट्यावर दोन चमच्यांच्या मध्ये गोळी दाबायची, तिचं पीठ करायचं, साखर एक चमचा जास्त घालायची आणि ढवळायचं. ढवळायला मला चांगलं येतं, जन्मभर तेच केलंय. पहिल्या दिवशी बाबा येत नाहीत ना, हे दोनदा वळून पाहिलं. चौथ्या दिवशी नाही. पंधरा दिवसांनी रक्तदाब खाली आला आणि मी स्वतःवर खूश झाले. वाद नाही, आरडाओरडा नाही, काम फत्ते. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, “वा, हुशार आहेस.” मला ते ऐकून बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवते.

महिनाभराने बाबांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

“दूध कडू लागतंय का गं?”

मी पेला उचलला. ओठांना लावला, प्यायले नाही. कडू वास माझ्याही नाकात गेला.

“छे! गोड आहे चांगलं. तुमच्याच तोंडाची चव गेलीय, बाबा. वयामुळे होतं असं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेल्याकडे. “असेल,” म्हणाले, आणि सगळं दूध प्यायले.

यानंतर जे झालं त्याचा आणि या दुधाचा काही संबंध असेल, असं मला सात महिने वाटलं नाही. बाबा आधी दुकानात रोज यायचे, ते एक दिवसाआड यायला लागले. एका बाईंनी जुन्या दरवाजाचा पापुद्रा आणला, तो त्यांनी बराच वेळ उजेडात धरला आणि माझ्यापुढे सरकवला. “मशीनला विचार.” मशीनने भलतंच काहीतरी काढलं, बाई नाक मुरडून गेल्या. पुढच्या पापुद्र्याला त्यांनी हातही लावला नाही. मग यायचंच बंद केलं. घरी खिडकीपाशी बसून राहायचे. जेवताना प्रत्येक घास सावकाश चावायचे आणि मध्येच मला विचारायचे, “मीठ बरोबर आहे ना?” बरोबरच असायचं. मी म्हणायचे, “आहे हो, जेवा ना गपचूप.” वाटायचं, वय झालं. माणूस थकतोच. शिवाय खरं सांगायचं तर त्यांचं स्टूल रिकामं झाल्यावर दुकानात माझी कामं जरा भराभर होत होती.

मग तो दिवस आला. दुपारचे चार. मी दूध करून बाबांपुढे ठेवलं आणि दाराची कडी वाजली. लंबू पेंटर. साठीचा झाला तरी ताडमाड, दारातून वाकूनच येतो. अंगावर रंगाचे शिंतोडे, हातात कागदाची पुडी.

“थेंबकाका, तुम्ही दुकानात दिसत नाही, म्हटलं घरीच धाड घालावी.” त्याने पुडी उघडली. आत हिरवट-करडा पापुद्रा. “जुन्या इमारतीचा जिना आहे. चार मजले. ताईंच्या मशीनने दोनदा करून दिला, दोनदा डाग दिसतोय. आता तुम्हीच बघा. अर्ध्या तासात परत शिडीवर चढायचंय मला, दुसऱ्या मजल्याची बाहेरची बाजू राहिलीय.”

बाबांनी पापुद्र्याकडे पाहिलंच नाही. “माझं आता काही खरं नाही, लंब्या.”

“काय झालं?”

“जीभ गेली. नसलेलं कडू लागतं मला. आज नसलेलं कडू लागतंय, उद्या नसलेला पिवळा दिसेल. लोकांच्या भिंती कशाला नासवू?”

मी ओट्याशी उभी होते. हातात चमचा होता, तोच. मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग चमचा पाठीमागे धरला.

“काहीतरीच बोलता,” लंबू म्हणाला.

“अरे, या दुधाचंच बघ. ही म्हणते गोड आहे. तिने स्वतः चाखून पाहिलंय. मला रोज कडू लागतं. तू पी बरं, आणि सांग. उन्हातून आलायस, तसंही काहीतरी घेच.” आणि त्यांनी पेला त्याच्या हातात दिला.

लंबूने तो तोंडाला लावायला उचलला.

रक्तदाब उतरवणारी गोळी. आणि हा माणूस अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्याएवढ्या शिडीवर चढणार. मी काय करावं, याचे दोन-तीन मार्ग तेवढ्या वेळात डोक्यात येऊन गेले, तेही कबूल करते. ‘थांबा, तुम्हाला गरम करून देते’ असं म्हणून पेला काढून घेता आला असता. माशी पडलीय म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती हो. लंबूला तरी कडू लागावं, अशी आशा.

मी धावत जाऊन त्याचा हात धरला. अर्धं दूध त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

“पिऊ नका. त्यात औषध आहे.”

लंबूने पेला हळूच टेबलावर ठेवला.

“कसलं औषध?” बाबांनी विचारलं.

“तुमची गोळी. कुटून घातलीय.”

“आज?”

“रोज.”

“कधीपासून?”

“सात महिने होतील.”

त्यांनी बोटाने टेबलावर सांडलेल्या दुधाचा एक थेंब उचलला आणि जिभेवर ठेवला. रंगाचा फराटा ओढताना बोट जसं सरळ धरायचे, तसंच धरलं होतं. 

“म्हणजे कडू होतं.”

“हो.”

“मी विचारलं होतं त्या दिवशीही?”

“हो.”

“तू पिऊन पाहिलंस ना पण?”

“नाही प्यायले, बाबा. ओठ लावले नुसते.”

ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडावं, असं वाटलं. लंबू जमिनीकडे पाहत सदरा पुसत होता. तो उठायला लागला, तर बाबांनी त्याला हाताने बसायला सांगितलं. 

“मी रात्रंदिवस स्वतःला तपासतोय गं,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “साखर चाखून बघतो, मीठ चाखून बघतो. खिडकीतून समोरच्या घराचं दार बघतो आणि मनात म्हणतो, हा निळाच आहे ना? कोणाला विचारायचीही लाज वाटायची.”

मी रडले नाही. रडण्याचा हक्क मला नव्हता, एवढं तेव्हाही कळत होतं. मी म्हणाले, “मी भेसळ केली, बाबा.” 

तो शब्द ऐकून त्यांनी मान वर केली. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मला उद्देशून एकदाच वापरलेला, तो त्यांच्याही लक्षात होता. नाही म्हणाले नाहीत. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ‘नाही गं’ म्हणाले नाहीत.

मग मला डॉक्टरीणबाईंचं राहिलेलं वाक्य आठवलं. सात महिने उशिरा मी विचारलं, “तुम्ही गोळी का घेत नव्हता?”

त्यांनी टेबलावरचा पेला थोडा बाजूला सरकवला. “घशात अडकते. एकदा अडकली तेव्हा श्वासच बंद झाला होता. तू त्या दिवशी बाहेर गेली होतीस.” मग जरा ओशाळून म्हणाले, “गोळीला घाबरतो, असं काय सांगायचं या वयात.”

“मला सांगितलं असतं तर...”

“तर काय केलं असतंस?”

“कुटून दुधात घातली असती.”

लंबूला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं. बाबाही हसले, अगदी थोडं. मला ते हसणं त्या दिवशी कुठल्याही शिवीपेक्षा जड गेलं.

जाताना लंबूने पापुद्रा टेबलावरच ठेवला. “घाई नाही, काका.” बाबांनी तो उचलला, खिडकीपाशी गेले, डोळे बारीक केले. मी श्वास धरून उभी. एवढं कळलं म्हटल्यावर आता तरी म्हणतील, पिवळा दोन, काळा एक. ते पाहत राहिले, पाहत राहिले, आणि मग विचारलं, “हिरवा आहे ना गं हा?”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दुकानात आले. स्टुलावर बसून जिन्याचा रंग केला. अचूक झाला, लंबूने नंतर चारही मजल्यांवर लावला आणि डाग कुठे दिसला नाही. पण पूर्वी जो रंग ते दहा मिनिटांत करत, त्याला अख्खी सकाळ गेली. प्रत्येक थेंबानंतर काठी माझ्यापुढे धरायचे. “बरोबर आहे ना?” मी बरोबर म्हटलं की रंग न्यायला येऊन बसलेल्या लंबूला विचारायचे. माझ्या बरोबरला आता किंमत नव्हती. साहजिक आहे. 

निघताना त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, बारीक ब्रश लाल रंगात बुडवला आणि लिहिलं: मिक्स. घरी येऊन ती आपल्या पेल्यावर चिकटवली. “याच्यात घाल रोज. लिहून घातलं की माझी ना नाही.”

तेव्हापासून चारचं दूध त्या पेल्यात. लाल अक्षरांचा पेला समोर आला की ते एका दमात पितात, कडू लागलं की मान हलवतात, जणू हिशेब जुळला. डॉक्टरीणबाई खूश आहेत. दादाला मी सगळं सांगितलं, तो म्हणाला, “शेवट गोड झाला ना, मग सोड.” मी फोन ठेवून दिला.

कारण सकाळचं दूध साध्या पेल्यात असतं. त्यात दुधाशिवाय काही नसतं, साखरही बेताची. तो पेला बाबा हातात घेतात, नाकाशी नेतात, आत पाहतात, आणि तसाच धरून बसतात. मला काही विचारत नाहीत. मी त्यांच्या हातातून पेला घेते, त्यांच्यासमोर एक मोठा घोट पिते, गिळलेला दिसेल असा, आणि परत देते. मग ते पितात.